जाम झालेलं फ्लायव्हील: जुन्या आऊटबोर्डच्या डोक्यावरचं चाक न तोडता कसं काढायचं

नट निघाला, वॉशर निघाला, दोरीच्या स्टार्टरचं झाकण बाजूला झालं, आणि फ्लायव्हील मात्र जागचं हलत नाही. ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या जुन्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डवर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनावर, हात काळे करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर ती दरवर्षी ठरल्यासारखी येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, इंजिनं पडवीत ताडपत्रीखाली, आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली की सगळ्यांना एकदम आठवतं, गेल्या हंगामात ठिणगी कमजोर होती. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर हा ठिणगीचा सगळा संसार फ्लायव्हीलच्या पोटात. म्हणजे ते काढणं आलं, आणि मागोमाग हातोडा आला.

हातोड्याचं नंतर बघू. आधी एक प्रश्न: फ्लायव्हील काढायची खरंच गरज आहे का? निम्म्या वेळा नसते.

कॉइल गेली की नाही, हे बाहेर आलेल्या वायरींवर मल्टिमीटर लावून कळतं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक कॉइलचे ओहम दिलेले असतात. आकडा जवळपास आला तर कॉइल शाबूत. मीटर ‘ओपन’ दाखवतो, म्हणजे तार आत तुटलेली आहे, किंवा आकडा भलताच आला, तर मग चाक काढायला कारण आहे. पॉइंटवाल्या काही जुन्या इंजिनांच्या फ्लायव्हीलला वरून एक खिडकी असते; तिच्यातून पॉइंटचं अंतर बघता येतं आणि कागद घालून साफही करता येतं. ती खिडकी न बघता थेट नटाला पाना लावणारे पुष्कळ.

चाक शाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, नेमक्या जागी बसवणारा धातूचा छोटा तुकडा म्हणजे ‘की’. ती कापली गेली असेल तर तेही चाक न काढता ओळखता येतं. लक्षण असं: कॉम्प्रेशन ठीक, प्लगला ठिणगी ठीक, तरी दोरी ओढली की इंजिन उलटा हिसका देतं किंवा कार्बोरेटरमधून फट्‌ करून मागे फेकतं. वरचा प्लग काढा, भोकातून पातळ काडी घाला, चाक हाताने हळू फिरवून पिस्टन अगदी वर आणा. आता फ्लायव्हीलवरची खूण टायमिंगच्या काट्यासमोर आहे का? बोटभर सरकलेली दिसली, तर आतली अर्धचंद्राची की मोडली आहे आणि चाक शाफ्टवर घसरलं आहे. अशा वेळी मात्र सुटका नाही, काढावंच लागतं. वरचं क्रँक सील गळत असेल तरीही तेच.

ते अडकतं कशामुळे

गंजामुळे, असं सगळे म्हणतात. गंज असतोच, पण मुख्य कारण तो नव्हे. नवं कोरं इंजिन आजच्या आज उघडलंत तरी फ्लायव्हील हाताने निघणार नाही. क्रँकशाफ्टचं वरचं टोक निमुळतं असतं आणि चाकाचं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की जात्यात खुंटा ठोकावा तसं चाक त्या टेपरवर चढून बसतं. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रणेच्या) शाफ्टवर १:५ टेपर सर्रास आढळतो, म्हणजे दर ५ मिमी लांबीला व्यास १ मिमीने कमी. याचा अर्धा कोन साधारण ५.७ अंश येतो. इतक्या कमी कोनात दोन कोरड्या पोलादी पृष्ठांमधलं घर्षण घसरण्याच्या ओढीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे नट पूर्ण काढला तरी चाक आपलं आपण सुटत नाही. इंजिनाचा सगळा जोर हे घर्षण पेलतं. की फक्त चाक योग्य जागी बसावं म्हणून आहे. की चाकाला धरून ठेवते असं समजणाऱ्यांची की वारंवार कापते, कारण ते नट पुरेसा आवळत नाहीत.

जोर किती असतो त्याचा अंदाज घ्या. १६ मिमीचा नट १०० न्यूटन-मीटर पिळाने आवळला तर शाफ्टच्या दिशेने सुमारे ३ टनांचा दाब तयार होतो. त्या दाबाने चाक टेपरवर रेटलेलं आहे. वर कित्येक वर्षांची खारी हवा. आता कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणाऱ्याने सांगावं, त्याच्या मनगटात किती टन आहेत.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची पद्धत आपोआप सुचते. चाकाला सरळ वरच्या दिशेने, मध्याच्या जवळून, मोठी आणि टिकून राहणारी ओढ द्यायची, आणि ती ओढ चालू असतानाच एक छोटा धक्का किंवा थोडी उष्णता. ओढीशिवाय धक्का दिला तर तो फुकट जातो आणि खालच्या बेअरिंगवर बसतो.

काय करू नये

हा भाग मी आधी घेतोय, कारण माझ्याकडे येणारी बरीच इंजिनं आधी कुणीतरी हे सगळं करून झाल्यावर येतात.

दोन-तीन पायांचा, कडेला आकडे अडकवायचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) आऊटबोर्डच्या फ्लायव्हीलला लावू नका. तो बेअरिंग आणि पुली काढायला आहे. इथे त्याचे आकडे चाकाच्या परिघाला धरतात, मधला बोल्ट शाफ्टला रेटतो, आणि मध्य टेपरवर घट्ट असल्याने परिघ वर वाकतो. आतले चुंबक चिकटवलेले किंवा खिळवलेले असतात, त्यातला एखादा सुटतो. एका इंजिनात असा सुटलेला चुंबक आतल्या आत फिरून कॉइलची तांब्याची तार पार सोलून गेला होता. मालकाला कुण्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, ‘काम झालं, आता फक्त कॉइल बदला.’

कडेखाली पहार घालून उचकटणंही तसंच. इलेक्ट्रिक स्टार्टरवाल्या इंजिनात तिथे दात्यांची रिंग असते, ती तडकते. खाली स्टेटर, म्हणजे कॉइल बसवलेला भाग, असतो, पहारीचं टोक त्यात जातं.

शाफ्टच्या उघड्या टोकावर हातोडा तर मुळीच नको. पहिल्या दोन घावांत आटे पसरतात आणि मग निघालेलं चाक परत बसवायला नटच चढत नाही. त्याहून वाईट आतलं. दोन सिलिंडरच्या बहुतेक टू-स्ट्रोकचा क्रँक अखंड नसतो, तुकडे प्रेसमध्ये एकमेकांत दाबून जोडलेले असतात. चाकावर आडवा घाव बसला की ती जोडणी किंचित फिरते किंवा वाकते. बाहेरून काही दिसत नाही. इंजिन थरथरतं, बेअरिंग वाजू लागतं, आणि महिन्याभरात सील जातं.

आमच्याकडे तांडेल मंडळींना हे पटवणं जड जातं. ‘झिला, घाल दोन घाव, सुटतला!’ हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. कधीकधी सुटतंही, म्हणून तर ती सवय जात नाही.

नट सोडवणं

प्लगच्या वायरी काढा, बॅटरी असेल तर तिचं कनेक्शन सोडा, पेट्रोलची नळी वेगळी करा. इंजिन होडीवर असताना हे काम करू नका. स्टँडवर किंवा भक्कम फळीवर क्लॅम्प करा. वॉशर खाडीत पडला की तो कायमचा गेला, शिवाय डोलणाऱ्या होडीत सरळ ओढ मिळत नाही.

नट साधारणपणे नेहमीच्याच दिशेचा, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. तरी आटे नीट बघून घ्या. अडचण असते ती चाक धरून ठेवण्याची. सर्वात चांगला उपाय म्हणजे फ्लायव्हील होल्डर किंवा पट्ट्याचा पाना. होल्डर घरी बनवायचा असेल तर एका जाड लोखंडी पट्टीला चाकाच्या भोकांच्या अंतरावर दोन छिद्रं पाडा, दोन बोल्ट लावा आणि पट्टीचं लांब टोक कुठेतरी अडकवा. इम्पॅक्ट गन असेल तर उत्तम, चाक जवळजवळ न धरता नट निघतो. पण तीच गन नट आवळायला वापरू नका.

काही जण प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी कोंबून पिस्टन अडवतात. चालतं, पण टू-स्ट्रोकमध्ये एक काळजी घ्यावी लागते. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे इंधन-हवा आणि धूर ये-जा करायची भोकं, असतात. पिस्टन खाली असताना दोरी कोंबली तर तिचं वेटोळं पोर्टात शिरतं आणि पिस्टनच्या कडेखाली कापतं. म्हणून पिस्टन पोर्टांच्या वर आलेला असतानाच दोरी भरा, आणि एक टोक बाहेर लोंबू द्या. आणि दोरी घालायची ती फ्लायव्हीलच्या सर्वात जवळच्या, म्हणजे वरच्या सिलिंडरमध्ये. खालच्या सिलिंडरमध्ये घातली तर पान्याचा सगळा पीळ त्या जोडलेल्या क्रँकमधून जातो. स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवण्याबद्दल बोलायलाच नको.

नट सुटला की पूर्ण काढून वॉशर बाजूला ठेवा, आणि नट परत चढवा, त्याचा माथा शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच. याने दोन कामं होतात. शाफ्टचे आटे वाचतात, आणि चाक सुटतं तेव्हा ते उडून तोंडावर येत नाही. कारण ते हळूहळू सुटत नाही. ‘ठाक्‌!’ असा बंदुकीसारखा आवाज होतो आणि चाक एकदम उडी मारतं.

पुलर

बहुतेक आऊटबोर्डच्या फ्लायव्हीलवर मध्याभोवती तीन आट्यांची भोकं असतात. ती शोभेची नाहीत, पुलरसाठीच आहेत. जपानी इंजिनांत मिलिमीटरचे आटे, जुन्या अमेरिकन इंजिनांत इंचाचे. मिमीचा बोल्ट इंचाच्या भोकात दोन-तीन फेरे जातो आणि मग आटे मारतो, म्हणून बोल्ट हाताने शेवटपर्यंत सहज जातोय का ते बघा. भोकांत मीठ आणि जुना रंग भरलेला असतो, आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा.

मोटारसायकलचा ‘मॅग्नेट पुलर’ इथे सहसा चालत नाही. तो चाकाच्या मध्यावर पाडलेल्या मोठ्या आट्यांवर चढतो, आणि असे आटे आऊटबोर्डच्या चाकाला क्वचितच असतात. गाडीचं स्टिअरिंग काढायचा बोल्टवाला पुलर मात्र चालतो, तो पुष्कळ गॅरेजमध्ये असतो. नसेल तर लेथवाल्याकडून बनवून घ्या. १२ मिमी जाडीची पोलादी थाळी, तीन लांबट खाचा म्हणजे वेगवेगळ्या अंतराची भोकं जुळतील, आणि मध्ये १४ किंवा १६ मिमीच्या बोल्टचे आटे. पातळ पत्र्यावर नट वेल्ड करून केलेला जुगाड वाकतो आणि ओढ तिरकी होते.

बोल्टांबद्दल दोन गोष्टी, आणि त्या महत्त्वाच्या. पहिली, लांबी. बोल्ट चाकाच्या जाडीपलीकडे खाली गेला तर थेट कॉइलवर उतरतो. चाकाची जाडी आधी मोजा. बोल्ट निदान स्वतःच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे, ८ मिमीचा असेल तर ८ मिमी, पण खालून बाहेर आला नाही पाहिजे. दुसरी, ताकद. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला असेल तर ८ मिमीचे तीन बोल्ट मिळून सुमारे ६ टन ओढ सहन करतात. भोकं ६ मिमीची असतील तर तेच तीन बोल्ट साडेतीन टनांतच ताणले जातात. वर आपण चाक बसवण्याचा दाबच ३ टनांचा काढला. म्हणजे ६ मिमीवाल्या चाकात फार जोर लावायला वावच नाही. तिथे १०.९ चे, त्याहून मजबूत बोल्ट घ्या आणि उष्णतेकडे लवकर वळा. डोक्यावर आकडा नसलेले हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट नकोच.

तिन्ही बोल्ट सारखे आवळा, थाळी चाकाला समांतर राहिली पाहिजे. डोळ्याने अंदाज येत नसेल तर तीन ठिकाणी पट्टी लावून मोजा. मधल्या बोल्टच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावा. टोक आणि शाफ्ट यांच्या मध्ये पितळेचा किंवा पोलादाचा छोटा तुकडा ठेवा, शाफ्टच्या मधल्या भोकात बोल्ट रुतत नाही.

ओढ, धक्का, विश्रांती

मधला बोल्ट आवळत जा. पान्याला चांगला ताण येईपर्यंत. मग मधल्या बोल्टच्या डोक्यावर, सरळ खाली, किलोभराच्या हातोड्याने एक झटक्याचा घाव. जोराचा नव्हे, टणटणीत. सुटलं तर उत्तम. नाही तर पाना आणखी पाव फेरा, पुन्हा एक घाव. असं दोन-तीनदा. त्यात सुटलं नाही तर थांबा. वीस घाव घालून जे साधत नाही ते इंजिनाच्या बेअरिंगला सोसावं लागतं.

थांबायचं म्हणजे पुलर ताणात तसाच ठेवायचा. शाफ्ट आणि चाक यांच्या फटीत, विशेषतः कीच्या खाचेतून, गंज सोडवणारं तेल सोडा. कीची खाच वरून दिसते, तिथून तेल सर्वात लवकर आत उतरतं. तेल थेंबाथेंबाने द्या, खाली पॉइंट आहेत, त्यावर ओघळू नये. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पाना लावायच्या आधीच चाक सुटलेलं सापडणं, हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं, पण घडतं नेहमी. काही वेळा रात्रीच ठाक्‌ आवाज होतो आणि घरातली माणसं दचकतात.

रात्र जाऊनही नाही सुटलं, तर उष्णता.

गरम करणं

हिशेब सरळ आहे. चाकाच्या मध्यभागाचं भोक साधारण २५ मिमी धरा. पोलाद १०० अंशांनी तापलं की त्या भोकाचा व्यास सुमारे ०.०३ मिमीने वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण टेपरच्या पकडीला तेवढं पुरतं. अट एकच: चाक तापलं पाहिजे आणि शाफ्ट गार राहिला पाहिजे. म्हणून उष्णता झटपट, फक्त मध्यावर, भोवती फिरवत. अर्धा तास मंद गरम केलंत तर शाफ्टही तितकाच फुगतो आणि सगळं जिथल्या तिथे.

रंग खरवडायची हॉट एअर गन सर्वात सोयीची. ती नसेल तर किटलीभर उकळतं पाणी मध्यावर सावकाश ओता. हा उपाय गावठी वाटतो, पण आगीची भीती नाही आणि १०० अंशांच्या वर जाण्याचा प्रश्न नाही. पॉइंट भिजतात, ते नंतर वाळवता येतात. गॅसचा टॉर्च मी शक्यतो वापरत नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहिलेलं असतं, आणि पेट्रोलची वाफ जड असल्याने खाली साचते, दिसत नाही. शिवाय चाकाखालचं रबरी सील आणि चुंबकांचा डिंक जास्त तापमानाला टिकत नाही. परिघाला तर झळ लागूच देऊ नका.

किती तापलं हे कळायला पाण्याचा एक थेंब मध्यावर टाका. चर्र करून उडाला की पुरे. लगेच मधला बोल्ट पाव फेरा, एक घाव. या घटकेला बहुतेक चाकं सुटतात.

इतकं करूनही हललं नाही, तर गार होऊ द्या आणि सगळा क्रम पुन्हा. तापणं आणि गार होणं यानेच गंजाचा थर फुटत जातो, तेलाला आत वाट मिळते. तिसऱ्या फेरीपुढे मी इंजिन हायड्रॉलिक पुलरवाल्याकडे नेतो. तिथेही नाही झालं तर चाकाचा मध्य कापून काढणं हाच उपाय उरतो. ते करायच्या आधी त्या मॉडेलचं जुनं चाक कुठे मिळतंय का ते बघून ठेवा, कारण क्रँक वाचवायला चाक मारायचं असतं, उलटं नव्हे.

पुलरच्या भोकांचे आटे आधीच मेलेले असतील तर रिपेअर इन्सर्ट (नव्या आट्यांची आतली नळी) घाला किंवा एक माप मोठा टॅप फिरवा, पण तिन्ही भोकांना सारखंच. एकाच भोकाला केलंत तर ओढ तिरकी येते आणि चाकाचा तोलही जातो.

एक अपवाद. अगदी लहान, एका सिलिंडरच्या काही जुन्या इंजिनांच्या चाकाला पुलरची भोकंच नसतात. तिथे नट टोकाशी समपातळीत चढवायचा, दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी चाकाला धरून इंजिनाचं वजन उचलून धरायचं, म्हणजे ओढ तयार होते, आणि नटावर पितळेचा दांडा ठेवून एक घाव. इंजिनाचं वजन चाकावर लटकलेलं हवं. ते टेबलावर टेकलेलं असताना मारलेला घाव फुकट.

निघाल्यावर आत काय बघायचं

लोक इथे घाई करतात, आणि पुढल्या वर्षी चाक पुन्हा का अडकतं याचं उत्तर इथेच असतं.

शाफ्टचा टेपर आणि चाकाचं भोक दोन्ही नीट उजेडात धरा. काळसर चकाकी सगळीकडे सारखी असेल तर बसणं चांगलं होतं. जर त्यावर कोकोसारखी बारीक तांबूस पूड दिसली, बोटाला लागणारी, तर ती साध्या गंजाची नाही. चाक शाफ्टवर सूक्ष्म हालत होतं, दोन पृष्ठं एकमेकांवर घासत होती आणि त्यातून निघालेली ती पूड आहे. म्हणजे नट सैल होता. अशा जागी पृष्ठं एकमेकांत रुततात आणि पुढच्या वेळी काढताना जीव खातात. सैल नटामुळे चाक जास्त घट्ट अडकतं, हे ऐकून बरेच जण हसतात.

पूड पुसून टाका. खोल ओरखडे असतील तर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट टेपरला लावा, की न घालता चाक वर ठेवा आणि हाताने थोडं इकडे-तिकडे फिरवत घासा. मग दोन्ही बाजूंची पेस्ट पूर्ण धुऊन टाका, तिचा कणही राहता कामा नये. करकरीत पॉलिश पेपरने टेपर घासत बसू नका, त्याने आकार बिघडतो.

की नवी घाला. जुनी चांगली दिसली तरी तिच्या कडेला नखाने चाचपा, छोटी पायरी लागली तर ती कापायच्या वाटेवर होती. लेथवर खिळा घासून की करू नका. मूळ की मुद्दाम ठरावीक कडकपणाची असते.

चाकाच्या आतल्या कीच्या खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी भेग आहे का बघा. असेल तर ते चाक बाद. पूर्ण वेगात फुटलेलं फ्लायव्हील झाकण फोडून बाहेर येतं, आणि टिलर (इंजिन वळवायचा दांडा) धरणारा माणूस शेजारीच बसलेला असतो.

सील आता बदलूनच घ्या. पॉइंट असतील तर त्यांचं अंतर मॅन्युअलप्रमाणे लावा, मॉडेलनुसार ते साधारण ०.३५ ते ०.५ मिमी असतं.

परत बसवताना

टेपर आणि भोक थिनरने पुसा, कोरडं होऊ द्या. ग्रीस नको, तेल नको. यावर किनाऱ्यावर कायम वाद होतो. ‘ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी सहज निघेल’ हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. पण चाक घर्षणावर चालतं, आणि ग्रीस घर्षणच कमी करतं. मग एकतर चाक घसरतं आणि की कापते, नाही तर त्याच पान्याच्या जोरात चाक टेपरवर जास्त वर चढतं आणि मध्याला तडा जाऊ शकतो. काही कंपन्यांची मॅन्युअलं नटाच्या आट्यांना इंजिन ऑइलचा थेंब लावायला सांगतात, तो तिथेच, टेपरवर नाही.

चाक ठेवायच्या आधी आतले चुंबक हाताने चाचपून बघा. कामाच्या टेबलावरचा वॉशर, खिळा, लोखंडी कीस, सगळं तिथे जाऊन चिकटलेलं असतं. एकदा बोटाला टोचलं म्हणून बघितलं तर करवतीच्या पात्याचा तुकडा होता, कॉइलच्या उंचीवरच.

की खाचेत पूर्ण बसलेली, चाक सरळ खाली, कीला वर न ढकलता. मग वॉशर, नट आणि टॉर्क पाना, म्हणजे किती पीळ बसला ते दाखवणारा पाना. आकडा मॉडेलप्रमाणे खूप बदलतो, लहान इंजिनांना ६०-७० न्यूटन-मीटर असतो तर ४० हॉर्सपॉवरच्या काही इंजिनांना त्याच्या दुप्पट. आपल्या इंजिनाचा आकडा शोधा. ‘पाना कुरकुरेपर्यंत’ हे माप नाही. टॉर्क पाना महाग पडत असेल तर एक-दोन तासांपुरता कुणाचा तरी आणा. फ्लायव्हीलच्या नटाला तो वापरला नाही, तर बाकी कुठे वापरला याला फारसा अर्थ नाही. पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झालं की मी नट पुन्हा एकदा तपासतो.

नट आवळून झाल्यावर मात्र ग्रीसला पूर्ण मुभा. नट, वॉशर आणि चाकाचा मध्य यांच्यावर मरीन ग्रीसचा जाड थर द्या, म्हणजे खारं पाणी वरच्या फटीतून टेपरमध्ये उतरत नाही. पुलरच्या तिन्ही भोकांतही ग्रीस भरा आणि छोटे बोल्ट सैल बसवून ठेवा, चाकाच्या जाडीपेक्षा आखूड. ‘आत लावू नको म्हणतोस आणि बाहेर थापतोस,’ असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे ते.

बंदीत इंजिन ठेवताना झाकण काढून वरचा भाग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पाइपने झोडपू नका. वाळू द्या, मग हलका ऑइल स्प्रे. ताडपत्री झाकण्याआधी खाली हवा खेळती राहील एवढी फट ठेवा, नाही तर पावसाळ्यात आत दमट कोठी तयार होते. आणि मध्ये एक-दोनदा दोरी हळू ओढून इंजिन फिरवा. प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडले असतील तर पिस्टनची रिंगही त्यात अडकत नाही.

झाकण लावण्याआधी चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे घासल्याचा आवाज आला तर कॉइल वर सरकलेली आहे किंवा एखादी वायर मध्ये आली आहे. आवाज नाही आला तर प्लगच्या वायरी लावा आणि दोरी ओढा.